वाचकांचे प्रश्न : राष्ट्रपतींच्या सहीला किती वजन असते?

राष्ट्रपतिपदाविषयी आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून लांबलेला मजकूर थोडा आवरता घेतला आहे.

प्रश्न : "राष्ट्रपती हे नामधारी प्रमुख असतात" हे वाक्य मी नागरिकशास्त्राच्या तासाला दरवर्षी फळ्यावर लिहीत आलो. पद नामधारीच ठेवायचे होते, तर देशभरच्या आमदार-खासदारांनी मतदान करून ते भरण्याचा खटाटोप घटनाकारांनी का केला? वर्गात याचे समाधानकारक उत्तर मला कधीच देता आले नाही. (एक निवृत्त शिक्षक)

घटनेचा मसुदा मांडताना ४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत याचा खुलासा केला होता. राष्ट्रपतींचे स्थान इंग्लंडच्या राजासारखे आहे. ते राज्यसंस्थेचे प्रमुख आहेत, कार्यकारी सत्तेचे नाहीत. ते राष्ट्राचे प्रतिनिधित्व करतात, राष्ट्रावर राज्य करत नाहीत. आणि राष्ट्राचे निर्णय ज्या मोहोरेने जाहीर होतात त्या मोहोरेवरील चिन्हासारखे ते आहेत, असे त्यांच्या विवेचनाचे सार होते. हीच उपमा पुढे 'रबरी शिक्का' अशी घसरली. खरे तर मराठी वाचकाला दोन्हींतला फरक वेगळा समजावण्याची गरज पडू नये, कारण आपल्याकडे 'शिक्कामोर्तब' हा जोडशब्दच आहे. शिवकालीन पत्राच्या माथ्यावर मुद्रा उमटे आणि मजकूर संपताच खाली 'मर्यादेयं विराजते' ही छोटी मोर्तब होई. तिचा उपयोग एवढाच, की त्यापुढे कोणी एक ओळही घुसडू नये. मोर्तब करणारा पत्राचा मजकूर ठरवत नसे, परंतु मजकूर पुरा आणि रीतसर आहे की नाही हे पाहिल्याशिवाय मोर्तब होऊ नये, हे त्यात गृहीत होते. आमच्या मते राष्ट्रपतींची सही या जातीची आहे.

आता निवडणुकीच्या खटाटोपाविषयी. राष्ट्रपतींची निवड प्रौढ मतदानाने थेट लोकांनी करावी, असा आग्रह प्रा. के. टी. शहा यांनी घटना समितीत धरला होता, तो मान्य झाला नाही. कोट्यवधी लोकांनी थेट निवडून दिलेली व्यक्ती पंतप्रधानांच्या सल्ल्याने मुकाट्याने वागेल, ही अपेक्षा अवाजवी ठरली असती आणि दिल्लीत एकाच वेळी दोन सत्ताकेंद्रे उभी राहिली असती. उलट, निवड केवळ संसदेवर सोपवली असती, तर जो पक्ष पंतप्रधान देतो त्यानेच राष्ट्रपतीही द्यायचे, असा प्रकार झाला असता. म्हणून अनुच्छेद ५४ मध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या आणि राज्यांच्या विधानसभांच्या निवडून आलेल्या सदस्यांचे मतदारमंडळ ठरवण्यात आले. नामनिर्देशित सदस्यांना आणि विधान परिषदेच्या आमदारांना त्यात स्थान नाही. दिल्ली आणि पुदुच्चेरी यांच्या विधानसभांचा समावेश १९९२च्या सत्तराव्या घटनादुरुस्तीने झाला.

हे सगळे कागदावर स्पष्ट असले, तरी पहिल्याच राष्ट्रपतींना ते पुरते पटलेले नव्हते. हिंदूंच्या विवाह-वारशाचे कायदे बदलणाऱ्या हिंदू संहिता विधेयकाबाबत आपण स्वतःच्या विवेकाने निर्णय घेऊ इच्छितो, असे डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी १९५१ मध्ये पंतप्रधान नेहरूंना कळवले. नेहरूंनी महान्यायवादी एम. सी. सेटलवाड आणि घटनातज्ज्ञ अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांची मते मागवली, आणि मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक आहे, असाच दोघांचाही निर्वाळा आला. राजेंद्रबाबूंनी ताणून धरले नाही. तरीही २८ नोव्हेंबर १९६० रोजी दिल्लीत इंडियन लॉ इन्स्टिट्यूटच्या कार्यक्रमात त्यांनी, राष्ट्रपतींचे अधिकार इंग्लंडच्या राजाइतकेच आहेत का याचा अभ्यास व्हावा, असे जाहीरपणे सुचवले. पदावर दहा वर्षे काढलेल्या माणसाला हा प्रश्न पडतो, यावरून घटनेतील शब्द किती मोघम होते हे लक्षात यावे. अनुच्छेद ७४ मध्ये त्या वेळी एवढेच म्हटले होते, की राष्ट्रपतींना साहाय्य व सल्ला देण्यासाठी मंत्रिमंडळ असेल. तो सल्ला पाळलाच पाहिजे, असे त्यात कुठेही नव्हते. १९७४ मध्ये शमशेर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी बंधन स्पष्ट केले आणि १९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ते घटनेतच लिहून टाकले. नंतर १९७८च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने एक फट ठेवली. मंत्रिमंडळाच्या सल्ल्याचा फेरविचार करण्यास राष्ट्रपती एकदा सांगू शकतात; फेरविचारानंतर आलेला सल्ला मात्र त्यांना मानावाच लागतो.

प्रश्न : १९७५ची आणीबाणी मंत्रिमंडळाची बैठक न घेताच पुकारली गेली, असे वाचनात आले. तेव्हाच्या राष्ट्रपतींना सही नाकारता आली असती का? (स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी वाचक)

वाचलेले खरे आहे. २५ जून १९७५च्या रात्री राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांच्याकडे पंतप्रधान इंदिरा गांधी यांचे पत्र गेले. विषय मंत्रिमंडळापुढे ठेवण्याची इच्छा होती, परंतु आज रात्री ते शक्य नाही, म्हणून कामकाज नियमावलीतील बाराव्या नियमाखाली आपण त्यापासून सूट घेत आहोत आणि उद्या सकाळी पहिल्याप्रथम विषय मंत्रिमंडळापुढे ठेवू, असा त्याचा आशय होता. त्याच रात्री घोषणेवर सही झाली आणि मंत्र्यांना ही गोष्ट दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी बोलावलेल्या बैठकीत कळली. स्नानाच्या टबात बसून दाराच्या फटीतून सही केलेला कागद बाहेर देणारे राष्ट्रपती अबू अब्राहम यांच्या व्यंगचित्रात त्याच वर्षाच्या डिसेंबरात दिसले, आणि ते चित्र या पदाला आजही चिकटून आहे.

'नाकारता आली असती का' या प्रश्नाला सरळ 'हो' म्हणणे अवघड आहे, कारण शमशेर सिंग निकाल येऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. परंतु नकार आणि मान्यता यांच्यामध्ये जी जागा असते ती वापरता आली असती, असे आम्हाला वाटते. अनुच्छेद ७४ मधील सल्ला मंत्रिमंडळाचा असतो, एकट्या पंतप्रधानांचा नसतो. मंत्रिमंडळ भरलेलेच नाही, हे पत्रातच लिहिलेले असताना 'सकाळी बैठक होऊ द्या, मग कागद पाठवा' एवढे सांगणे मर्यादेबाहेरचे ठरले नसते. शिवाय १९७१च्या युद्धाच्या वेळी लागू झालेली बाह्य आक्रमणाच्या कारणावरची आणीबाणी उठलेलीच नव्हती, त्यामुळे एका रात्रीत कोसळेल असे काही नव्हते. बैठकीत मंत्र्यांनी विरोध केला असता, असा याचा अर्थ नाही, कारण सकाळच्या बैठकीतही तो झाला नाही. नोंद मात्र रीतसर झाली असती.

ही फट चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने बुजवली. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवला गेल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणीची घोषणा करू नये, असे अनुच्छेद ३५२ मध्ये आता स्पष्ट लिहिलेले आहे. घटनेच्या मूळ मजकुरात 'कॅबिनेट' हा शब्द नव्हता. तो आला तो याच दुरुस्तीने आणि याच रात्रीमुळे.

प्रश्न : सही न करता कागद परत पाठवणारे किंवा अडवून ठेवणारे राष्ट्रपती कोण होते? (एकाच आशयाची तीन पत्रे)

विधेयकांसाठी अनुच्छेद १११ आहे. राष्ट्रपती संमती देऊ शकतात, रोखून ठेवू शकतात, किंवा अर्थविधेयक नसेल तर फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. संसदेने ते पुन्हा संमत केले की संमती टाळता येत नाही. मात्र निर्णय किती दिवसांत घ्यायचा, याची मुदत तेथे घातलेली नाही. ग्यानी झैलसिंग यांनी हीच उणीव हेरली. टपालातील पत्रे अडवण्याचे व्यापक अधिकार सरकारला देणारे भारतीय टपाल कार्यालय दुरुस्ती विधेयक १९८६ मध्ये त्यांच्यापुढे आले, तेव्हा त्यांनी सहीही केली नाही आणि ते परतही पाठवले नाही. कागद तसाच पडू दिला. त्यांची मुदत संपली, राजीव गांधींचे सरकार गेले, आणि अखेर २००२ मध्ये ते विधेयक मागे घेण्यात आले. एका न केलेल्या सहीमुळे एक कायदा कधी झालाच नाही. याच ग्यानीजींची निवड झाली तेव्हा, पंतप्रधानांनी सांगितले तर आपण झाडूही मारू, असे उद्गार त्यांच्या नावावर सांगितले जात, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

के. आर. नारायणन यांची रीत वेगळी होती; ते कागद अडवत नसत, परत पाठवत. ऑक्टोबर १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस गुजराल मंत्रिमंडळाने केली. कल्याणसिंग सरकारने विधानसभेत नुकताच विश्वासदर्शक ठराव जिंकलेला होता, सभागृहात माइक आणि खुर्च्या फेकल्या गेल्या होत्या, ही गोष्ट निराळी. नारायणन यांनी शिफारस फेरविचारासाठी परत केली आणि मंत्रिमंडळाने पुन्हा आग्रह धरला नाही. पुढच्या वर्षी सप्टेंबरात वाजपेयी मंत्रिमंडळाने बिहारविषयी तशीच शिफारस पाठवली, तीही परत आली. पण ही कथा येथे संपत नाही आणि ती अर्धीच सांगितली जाते, म्हणून पुढचे सांगतो. फेब्रुवारी १९९९ मध्ये मंत्रिमंडळाने बिहारची शिफारस पुन्हा केली आणि नारायणन यांनी ती मान्य केली, कारण आता घटनेने दुसरा पर्याय ठेवलेला नव्हता. राज्यसभेत बहुमत नसल्यामुळे सरकारला ती राजवट काही आठवड्यांतच मागे घ्यावी लागली. राष्ट्रपतींचे काम विचारण्याचे होते; उत्तर सभागृहाने दिले.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या कारकिर्दीत दोन्ही बाजू दिसतात. मे २००६ मध्ये त्यांनी लाभाच्या पदांविषयीचे, म्हणजे कोणती सरकारी पदे घेतली तरी खासदारकी जाऊ नये हे ठरवणारे, विधेयक परत पाठवले आणि सर्व राज्यांना सारखेच लागू होतील असे स्पष्ट निकष ठरवावेत, असे सुचवले. संसदेने विधेयक आहे तसेच पुन्हा संमत केले आणि ऑगस्टमध्ये त्यांना सही करावी लागली. त्याआधी एका वर्षापूर्वी मात्र, मॉस्कोच्या दौऱ्यावर असताना, बिहार विधानसभा विसर्जित करण्याच्या घोषणेवर त्यांनी रातोरात सही केली होती. ती घोषणा सर्वोच्च न्यायालयाने पुढे घटनाबाह्य ठरवली. नारायणन यांचा आठ वर्षांपूर्वीचा दाखला समोर असताना परदेशातून एवढी घाई कशासाठी झाली, हा प्रश्न कलामांविषयी पूर्ण आदर बाळगूनही विचारावासा वाटतो.

राज्यपालांनी राखून ठेवलेल्या राज्यांच्या विधेयकांवर राष्ट्रपतींनी किती दिवसांत निर्णय घ्यावा, हा वाद अलीकडचा. तमिळनाडूच्या प्रकरणात एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी तीन महिन्यांची मुदत घातली. त्यावर राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी अनुच्छेद १४३ खाली १४ प्रश्न न्यायालयाकडे पाठवले, आणि नोव्हेंबरात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने अशी ठरावीक मुदत न्यायालयाला घालता येणार नाही, असे मत दिले. म्हणजे झैलसिंगांना सापडलेली ती मोकळी जागा आजही मोकळीच आहे.

प्रश्न : राष्ट्रपतींच्या निवडणुकीत महाराष्ट्राच्या आमदाराचे मत १७५ आणि सिक्कीमच्या आमदाराचे ७, हा हिशेब कसा? (एक वाचक)

राज्याच्या लोकसंख्येला विधानसभेच्या निवडून आलेल्या सदस्यसंख्येने भागायचे आणि आलेल्या आकड्याला पुन्हा १,००० ने भागायचे. लोकसंख्या १९७१च्या जनगणनेची धरतात. महाराष्ट्राची तेव्हाची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख १२ हजारांच्या घरात होती. तिला २८८ ने आणि मग १,००० ने भागले की १७५ येतात. उत्तर प्रदेशाच्या आमदाराचे मूल्य सर्वाधिक, २०८ आहे. पन्नास वर्षांपूर्वीचे आकडे आजही का, तर ज्या राज्यांनी लोकसंख्या आटोक्यात ठेवली त्यांचे वजन त्यामुळे घटू नये म्हणून. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत ही व्यवस्था चालणार आहे.

सर्व आमदारांच्या मतांची बेरीज करून तिला निवडून आलेल्या खासदारांच्या संख्येने भागले की एका खासदाराच्या मताचे मूल्य मिळते. २०२२ मध्ये ते ७०० होते. जम्मू-काश्मीरची विधानसभा त्या वेळी अस्तित्वात नसल्यामुळे आधीच्या ७०८ वरून ते खाली आले होते. अशा रीतीने केंद्राचे आणि राज्यांचे पारडे जवळजवळ समतोल ठेवले जाते. खासदाराची मतपत्रिका हिरवी आणि आमदाराची गुलाबी असते, मतदान गुप्त असते, आणि पक्षादेश बजावता येत नाही. लेखणीसुद्धा निवडणूक आयोगाने दिलेलीच वापरावी लागते. आपल्या आमदारांचे मतदान मुंबईच्या विधान भवनात होते आणि मतपेटी मोजणीसाठी दिल्लीला जाते. २०२२ मध्ये या पेट्यांसाठी विमानात अधिकाऱ्याशेजारचे स्वतंत्र आसन राखले होते आणि तिकिटावर प्रवाशाचे नाव 'मिस्टर बॅलट बॉक्स' असे छापलेले होते.

मतदार पसंतीक्रम लिहितो, आणि वैध मतमूल्याच्या निम्म्याहून अधिक मूल्य मिळवणारा विजयी होतो. पहिल्या पसंतीवर निकाल लागला नाही, तर तळाचा उमेदवार बाद करून त्याच्या मतपत्रिकांवरील पुढची पसंती मोजतात. हे प्रत्यक्षात निर्णायक ठरले ते एकदाच, १९६९ मध्ये. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी होते, तर इंदिरा गांधींनी सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून मत देण्याचे आवाहन करून व्ही. व्ही. गिरी यांची बाजू घेतली. पहिल्या फेरीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि तिसऱ्या उमेदवाराला १,१२,७६९ मतमूल्य मिळाले. हे तिसरे उमेदवार म्हणजे रायगडचे चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे सी. डी. देशमुख. त्यांच्या मतपत्रिकांवरील दुसऱ्या पसंतीचा मोठा वाटा रेड्डींना मिळाला; तरीही गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निसटते जिंकले. आपल्या चिंतामणरावांना राष्ट्रपती भवन मिळाले नाही, पण तेथे कोण जाणार हे त्यांना मिळालेल्या मतपत्रिकांवरील दुसऱ्या आकड्याने ठरले.

प्रश्न : महिला पदावर असताना 'राष्ट्रपती' म्हणणे खटकत नाही का? 'राष्ट्राध्यक्ष' हा शब्द का वापरत नाहीत? (एक वाचक)

जुलै २००७ मध्ये जळगावच्या प्रतिभाताई पाटील या पदावर निवडून आल्या, तेव्हा ही चर्चा मराठी वर्तमानपत्रांत पुष्कळ रंगली होती. 'पती' या शब्दाचा मूळ अर्थ स्वामी, पालक असा आहे. सेनापती, सभापती, छत्रपती हे शब्द त्याच घडणीचे आहेत, आणि सभापतिपदावर बाई बसल्या म्हणून पंचायत समितीत कोणी अडखळत नाही. स्वातंत्र्यापूर्वी 'राष्ट्रपती' हा शब्द काँग्रेसच्या अध्यक्षांसाठी सर्रास वापरला जात असे. घटनेने तो उचलून देशाच्या प्रमुखाला दिला. 'राष्ट्राध्यक्ष' हा शब्द मराठीत अमेरिका, फ्रान्स अशा देशांच्या प्रमुखांसाठी रूढ झाला आहे, आणि ही विभागणी आम्हाला सोयीची वाटते, कारण तेथील अध्यक्ष स्वतः राज्य करतात. जर्मनी आणि आयर्लंड यांचे प्रमुख मात्र आपल्या राष्ट्रपतींच्या जातकुळीचे असूनही मराठी बातम्यांत राष्ट्राध्यक्षच राहतात.

प्रश्न : राष्ट्रपतींचा शपथविधी नेहमी २५ जुलैलाच का होतो? असे कोठे लिहिले आहे का? (शाळकरी वाचक)

कोठेही लिहिलेले नाही. पहिल्या राष्ट्रपतींनी २६ जानेवारी १९५० रोजी शपथ घेतली, पण पुढे झाकिर हुसेन आणि फखरुद्दीन अली अहमद या दोघांचे पदावर असतानाच निधन झाल्याने तारखा बदलत गेल्या. नीलम संजीव रेड्डी १९७७ मध्ये बिनविरोध निवडून आले आणि त्यांनी २५ जुलैला शपथ घेतली. मुदत पाच वर्षांची, आणि त्यानंतर कोणीही मध्येच पद सोडलेले नाही किंवा कोणाचे पदावर निधन झालेले नाही, म्हणून दर पाच वर्षांनी तीच तारीख येत राहिली. मधेच जागा रिकामी झाली, तर सहा महिन्यांत निवडणूक घ्यावी लागते आणि निवडून येणाऱ्यांना उरलेली नव्हे, तर नवी पूर्ण पाच वर्षे मिळतात. तसे झाले की ही तारीख सुटेल.